मेलेल्यांची सही लागत नाही

इंग्लंडात माध्यमांचा कायदा शिकून कोल्हापूरला परतले, तेव्हा वाटलं होतं की सत्य, खासगीपणा, प्रेक्षकांचा विश्वास यांवर मी चॅनलवाल्यांशी तावातावानं भांडेन. हाती आली एक जाड फाईल! लोकल चॅनलच्या भुताखेतांच्या कार्यक्रमासाठी लोकांची संमतीपत्रं गोळा करायची आणि प्रत्येक भाग दाखवण्याआधी तपासून सही करायची, हे माझं काम. वर्षभरात त्या फाईलमध्ये सह्या कमी आणि किस्सेच जास्त साठले.

०

आमचे दिग्दर्शक बापू प्रत्येक भागाच्या सुरुवातीला 'सत्यघटना' लिहितात आणि शेवटी 'सर्व काल्पनिक'.

"बापू, दोन्ही कसं चालेल?"

"म्याडम, सुरुवात प्रेक्षकांसाठी, शेवट वकिलासाठी!"

०

गारगोटीजवळच्या एका आजोबांनी आपल्या विहिरीतून बाईचं रडणं कसं ऐकू येतं, ते तासभर सांगितलं. मी फॉर्म पुढे केला, तसे ते ताडकन उठले.

"सही? भावानं असंच सहा गुंठं लिवून घेतल्यात!"

"आजोबा, तुम्ही जे बोललात त्याचाच कागद आहे हा."

"मग तिची घ्या की सही. रडतीया ती, मी न्हाय!"

आमच्या साउंडवाल्यानं विहिरीकडे एकदा बघितलं आणि हेडफोन काढून ठेवला.

०

भुदरगडातल्या एका काकूंचा चेहरा आम्ही धूसर केला, आवाजही बदलला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

"सगळ्या गावानं वळीकलं की मला!"

"कसं काय?"

"माझ्या म्हशीचं त्वांड कुठं झाकलासा?"

तेव्हापासून आम्ही म्हशीसुद्धा धूसर करतो. फक्त त्या भागात काकूंच्या मागच्या खिडकीत आणखी एक धूसर चेहरा आहे. एडिटर म्हणतो, तो त्यानं केलेला नाही.

०

कबनूरला एक यंत्रमाग वीज नसताना चालतो म्हणे. बापूंनी मागाला बारीक दोरी बांधायला घेतली. मालक म्हणाला, "दोरी कशाला? थांबा की जरा, पावणं."

थांबलो. माग दोनदा खडखडला. फ्यूज मालकाच्या मुठीत होता!

बापूंनी तरीही दोरी बांधलीच. "खरं हाय ते, पर टीव्हीवर दिसत न्हाय!"

०

मग राधानगरी. तिथल्या एका घरात गॅसचा भडका उडून सुमन नावाची तरुण सून गेली होती. तेव्हापासून बंद स्वयंपाकघराचं दार आतून वाजतं, असं गाव म्हणायचं. नवऱ्यानं लगेच सही दिली. "लोक कायबी बोलत्यात. मी तवा शेतात हुतो. एकदा टीव्हीवर येऊ द्या सगळं."

सुमनची आई मात्र फॉर्मला हात लावेना. "माझ्या लेकीला इचारलासा काय?"

"मावशी, मेलेल्याची सही लागत न्हाय," बापू म्हणाले. मला ते खटकलं, तरी मी नवऱ्याचा कागद फाईलला लावला.

भर दुपारी शूटिंग. सुमनचं काम करणाऱ्या मुलीला संवादच नव्हता. स्वयंपाकघरात बंद दाराकडे तोंड करून नुसतं उभं राहायचं. नवरा कॅमेऱ्याशेजारी. बापू 'ॲक्शन' म्हणाले आणि स्पष्ट आवाज आला, "अवो, भायेरनं कडी का लावलासा?"

नवरा पांढराफटक पडला. "माझा कागद द्या माघारी," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

ती मुलगी शपथेवर सांगते, "मॅडम, मी बोललेच नाही." शॉटमध्ये तिची पाठ दिसते.

बापू खूश! "उद्या प्रोमोला हेच वाक्य!"

"पुराव्याशिवाय माणसाला खुनी ठरवायचं? गाव त्याला फाडून खाईल!"

"मग कापू वाक्य. हाय काय त्यात?"

म्हणजे दाखवलं तर तो संपला, आणि कापलं तर सुमन! शूटिंग बघायला आलेल्या मावशींनी माझा हात धरला. "पोरी, इतक्या दिसांनी बोललीया ती. आता कर की कायतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या भागावर 'दाखवू नये' असं लिहून सही केली, न कापलेलं फुटेज घेतलं आणि मावशींबरोबर पोलीस ठाणं गाठलं. हवालदारानं वाक्य दोनदा ऐकलं. पेन उघडलं.

"बोलणाऱ्याचं नाव काय लिवू?"

मी काम करणाऱ्या मुलीचं नाव सांगायला तोंड उघडलं. मावशी माझ्या आधी म्हणाल्या, "सुमन."