भडभडवाली बहू

भडभडवाली बहू कुठल्याही अल्बमला 'बरा आहे' असं कधी म्हणायची नाही. एक तर तो "जबर, काका, जबर" असायचा, नाही तर "पाणी घातलेलं दूध". मधलं काही नाही. नाव तिला गल्लीनं दिलं. इकडे हिंदी मुलखात, दतिया गेटजवळच्या आमच्या घरात वरच्या दोन खोल्यांत ती भाड्यानं राहायची. मूळची साताऱ्याकडची. नवरा फौजेत, बबीनाच्या छावणीत, आणि बरेच दिवस सरावासाठी बाहेर. ही एकटी, आणि दिवसभर गाणी. त्या गाण्यांना मेटल म्हणतात हे मला मागाहून कळलं.

मी जन्मभर पिठाची चक्की चालवली. मशीन बिघडलं की आधी कानाला कळतं. ती राहायला आली त्याच आठवड्यात, दुपारी जेवत असताना वरून असा खरखराट आला की मला वाटलं, पाण्याच्या मोटरीचं बेअरिंग गेलं. ताटावरून उठलो आणि मेन स्विच पाडला. ती जिन्यात आली.

"काका, लाइट गेली?"

"लाइट मी घालवली. तुझी मोटर जळत होती."

"मोटर नव्हं, काका. नॉर्वेचा बँड हाय."

"नॉर्वेत तेल मिळत नाही का?"

आमची ही स्वयंपाकघरात इतकी हसली की तिला ठसका लागला. तिथून दोघींचं जमलं. दुपारी बहू तिचा तो डब्याएवढा स्पीकर घेऊन खाली यायची, दोघी भाजी निवडायच्या आणि मधे तो डबा भडभडायचा.

तिचं सगळं प्रेम लहान बँडांवर. ज्यांना चार माणसंही ऐकत नाहीत, जे घरातच गाणी रेकॉर्ड करतात, ते तिचे सगे. "ह्यो अल्बम ऐका, काकू. पोरांनी गॅरेजात केलाय. गाण्याच्या मागं पत्र्याचा आवाज येतोय बघा. मोठ्या कंपनीनं तो पुसला असता, आणि अल्बम मेला असता." बँड मोठा झाला, गाणं धुऊन इस्त्री करून आलं, की ती त्याचं नाव टाकायची. तिच्या तोंडून त्या बँडची निंदा ऐकली तर वाटावं, सोयरीक मोडली आहे.

अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, हा तिचा कायदा. मधलंच गाणं लावलेलं चालायचं नाही. "पानावरची नुसती चटणी उचलून पळता का तुमी?" असं विचारायची. मी एकदा म्हणालो, हा माणूस नुसता ओरडतोय, एक शब्द कळत नाही. तर म्हणाली, "तुमच्या पक्क्या गाण्यातलं शब्द तरी कुठं कळत्यात, काका? तिथं मान डोलावताच की." समोरच्या मिश्राइननं खिडकीतून विचारलं, "बहू, का कोऊ मर गओ?" बहू वरून म्हणाली, "नहीं चाची, ज़िंदा हैं, इसीलिए चिल्ला रहे हैं।"

आमच्या हिला मात्र मेटल फारसं पचलं नाही. तिला आवडला तो तीन जपानी पोरींचा अल्बम. बहू म्हणायची, "ह्यो पॉपच हाय, पण गोंगाटातला. वर बडबडगीत, खाली करवत. पहिल्यांदा नुसती करवत ऐकू येती. चौथ्यांदा गाणं सापडतं." हिला ते पहिल्यांदाच सापडलं. म्हणाली, "लग्नाच्या वरातीसारखं आहे. नवरी रडत असते आणि बाजा थांबत नाही." बहूनं हातातली मेथी खाली ठेवली आणि म्हणाली, "काकू, असं मला सांगता आलं नसतं."

मग हिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. माझी बहीण ग्वाल्हेरहून आली आणि घर एकदम दबक्या आवाजात चालायला लागलं. भांडं आपटायचं नाही, दार वाजवायचं नाही. बहीण उशाशी बसून गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायची. ही एकदा डोळे न उघडता म्हणाली, "वन्सं, मी अजून आहे."

वरचा आवाजही बंद झाला होता. हिनं मला विचारलं, "वरची गावाला गेली का?"

"आहे."

"मग बोलवा तिला."

बहू अनवाणी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "कसं वाटतंय, काकू?"

"तूसुद्धा कुजबुजायला लागलीस? मढ्याजवळ कुजबुजतात. डबा आण."

डबा आला. बहीण माळ घेऊन गणपतीच्या देवळात निघून गेली. जपानी पोरी सुरू झाल्या आणि दोघींचं भांडण लागलं. बहू म्हणे तिसरं गाणं सगळ्यात भारी, ही म्हणे पाचवं. हिचा आवाज चढला. मी दारात उभा राहून ऐकत होतो. कितीतरी दिवसांनी माझी बायको आजारी बाईसारखी बोलत नव्हती. त्या दिवशीच तिनं आम्हा दोघांना सांगितलं, "मी गेल्यावर घर मुकं ठेवायचं नाही. सुतकात नुसते चहाचे कप वाजतात. मला ते नको." बहूनं मान हलवली. मीही हलवली.

ती गेली. आमच्यात तेरावं होईपर्यंत घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही. बहिणीनं बहूला बजावलं, वरून आवाज येता कामा नये. आणि ही मुलगी, जी गल्लीत कुणाला भ्यायली नाही, ती भ्यायली. मिक्सरसुद्धा लावेना. खाली लोक यायचे, बसायचे, कप वाजायचे. हिनं सांगितलं होतं तसंच सगळं चाललं होतं.

एका दुपारी लोक गेल्यावर मी जिना चढलो. "लाव," म्हणालो.

"आत्यांनी नगं म्हणून सांगितलंय."

"आत्याची बायको नव्हती. माझी होती."

तिनं स्पीकर काढला, पण लावायला वेळ घेतला. एक हळू, रडका अल्बम निघाला, तो तिनं बाजूला सारला. "ह्यो काकूंना चालला नसता." जपानी पोरीच लावल्या, पहिल्या गाण्यापासून, दार सताड उघडं ठेवून. बहीण अंगणात येऊन उभी राहिली. काही बोलणार असं वाटलं. मी वरूनच म्हणालो, "तिचं सांगणं होतं." पाचव्या गाण्याला ती पायरीवर बसली.

अल्बम संपल्यावर बहिणीनं विचारलं, "हे ऐकायची ही?"

"हो."

"आणि आवडायचं?"

"भांडायची त्याच्यासाठी."

बहिणीनं पदरानं तोंड पुसलं आणि चहा टाकायला गेली.

तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत बहूच्या नवऱ्याची बदली जोधपूरला झाली. फौजींच्या बायका सामान फार भरभर बांधतात. निघताना पाया पडली, म्हणाली, "काका, मधूनच गाणं लावायचं नाही." स्पीकर घेऊन गेली. वर आता बँकेतला एक जण राहतो, त्याचा आवाजच नसतो.

बहू फोनवर अल्बम पाठवते. मी मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवून ऐकतो, आवाज मोठा होतो. परवा एक पाठवला आणि विचारलं, "काकू काय म्हणल्या असत्या ह्याला?"

मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मग खरं ते सांगितलं. म्हणालो, तिचं मला सांगता येणार नाही, तिचं तीच सांगायची. माझं विचारशील तर दुसरं गाणं ढिलं आहे, पाणी घातलेलं. बाकी जबर.