खिडकी क्रमांक अकरा

प्रयोगशाळेत तिला चाळणबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं ‘बाई’. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकतीस वर्षं तिने चाळण्याखेरीज दुसरं केलं काय?

सूर्याकडून अखंड एक वारा सुटलेला असतो. त्यात हवा नसते, विजेचा भार असलेले कण असतात आणि ते सेकंदाला चार-चारशे किलोमीटर धावतात. हे कण मोजायला प्रयोगशाळेचं एक यंत्र पृथ्वीपासून बरंच पुढे, सूर्याच्या बाजूला, एका यानावर बसलेलं होतं. यंत्राला गोलाकार सोळा खिडक्या होत्या. एक ते पाच सूर्याकडे, नऊ ते तेरा पृथ्वीकडे, उरलेल्या आडव्या. कोणत्या खिडकीतून किती कण आले, याचा रोज एक लांबलचक कागदी पट्टा छापून यायचा; आकड्यांखाली त्या वेळची चुंबकीय दिशा दाखवणारी एक रेघ असायची. तो टेबलावर उलगडायचा, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा आणि जिथे आकडा खोटा वाटेल तिथे लाल पेन्सिलीने उभी खूण करून खाली सही ठोकायची, हे बाईचं काम. लाल खुणेतला भाग कोणी वापरायचा नाही. मोठमोठे शास्त्रज्ञ बाईच्या लाल रेघेपाशी येऊन मुकाट मागे फिरत. पदवी म्हणाल तर साधी, पण रुबाब असा!

पृथ्वीकडच्या खिडक्यांवर तिचा पहिल्यापासून राग. वारा येणार सूर्याकडून, मग पाठीमागच्या खिडक्यांत कण येतील कुठून? यानातला हीटर चालू-बंद झाला की नेमके याच खिडक्यांत खोटे आकडे उसळत. त्यासाठी हीटरची एक वही होती, चालू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ. पट्ट्यावर उसळी दिसली की वही उघडायची, वेळ जुळवायची, मगच लाल खूण करायची. नियम बाईनेच घातला होता. नव्या माणसाला ती तो पहिल्या दिवशी तीनदा ऐकवी.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा प्रयोगशाळेच्या नव्या प्रमुख मॅडमनी जुने पट्टे संगणकात उतरवायचं काम काढलं. आकडे साठवलेल्या मूळ फिती केव्हाच खराब झाल्या होत्या, आता काय ते कागदच. लाल खुणेचा भाग सोडून बाकीचं उतरवायचं आणि कागद लगद्याला द्यायचा, असं ठरलं. “फक्त प्रत्येक खुणेपुढे कारण लिहा,” मॅडम म्हणाल्या, “म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.”

बाईला वाटलं, हे म्हणजे जाता जाता सत्कारच झाला. ती हौसेने बसली. पट्टा उलगडायचा, वही उघडायची, वेळ जुळली की रकान्यात ‘हीटर’. सगळं कसं चोख! दुसऱ्या आठवड्यात बावीस वर्षांपूर्वीचा एक गठ्ठा निघाला. पट्ट्यावर खिडकी क्रमांक अकरामध्ये तीन बारीक उसळ्या होत्या, त्यांवर लाल खूण, खाली तिची झोकदार सही. तिने वही उघडली आणि पान उलटलं. मग परत मागे आली. वहीत लिहिलं होतं: तपासणीसाठी हीटर नऊ दिवस पूर्ण बंद. उसळ्या त्यातल्या पाचव्या दिवसाच्या होत्या. अक्षर तिचंच होतं.

या तीन उसळ्या कोणाच्या, हे तिला वही न बघता आठवत होतं.

त्या वर्षी प्रयोगशाळेत एक विद्यार्थी होता. सगळे त्याला शंकासुर म्हणत, कारण त्याला प्रश्न विचारल्याशिवाय घास जात नसे. त्याचं म्हणणं असं: पृथ्वीच्या चुंबकत्वावर सूर्याचा वारा आदळतो, तिथून काही कण धडकून उलटे फिरतात आणि सूर्याच्या दिशेने परत निघतात. हे पृथ्वीजवळ घडतं याबद्दल वाद नव्हता. पण आपल्या यानापर्यंत, इतक्या लांब, असे बारीक झोत येतील हे तेव्हाच्या मोठ्या साहेबांना पटेना. शंकासुर तोच पट्टा, बाईने तपासायच्या आधीच, भर बैठकीत घेऊन आला. “खालची रेघ बघा, सर. चुंबकीय रेषा त्या वेळी थेट पृथ्वीकडे गेलीय. कण तिच्यावरूनच सरकत येणार, दोरीतल्या मण्यासारखे. इकडेतिकडे सहजी जाताच येत नाही त्यांना.”

साहेबांनी पट्टा बाईपुढे सरकवला. “काय म्हणता, बाई?”

बाईने एक नजर टाकली. खिडकी अकरा. अशा हजार उसळ्या तिने पाहिल्या होत्या. वही हाताच्या अंतरावर होती. ती उघडायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. पण इतक्या लोकांसमोर, नाकाने कांदे सोलत, ती म्हणाली, “हीटर. आणखी काय?” आणि तिने रेघ ओढली.

शंकासुराची शिष्यवृत्ती संपायला तीन महिने राहिले होते. तो एकच महिना राहिला. पुढे त्याने चष्म्यांचं दुकान काढलं, इथेच, दोन चौक सोडून. बाई चष्मा करायला मात्र लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला जायची. इकडचा दुकानदार महाग आहे, असं ती घरी सांगे.

त्या संध्याकाळी तिचा नवरा मशीनवर कोणाच्या तरी कोटाचं अस्तर जोडत होता. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस, बायकोचं पाऊल ऐकूनच त्याला काहीतरी बिघडलंय हे कळलं. तिने सगळं सांगितलं. तो पायाने मशीन थांबवून ऐकत राहिला.

“कोणाला कळणारेय का पण?” त्याने विचारलं.

“नाही. मी ‘हीटर’ लिहिलं की कागद लगद्यात. झालं.”

“मग?”

“मग काय मग? अहो, एक चुकीची निघाली तर बाकीच्यांचं काय? चार हजारांवर खुणा आहेत माझ्या. जातानाच मला माझी फजिती करून घ्यायची का?”

त्याने दातांनी दोरा तोडला. “शिवण वाकडी गेली असेल तर उसवायला लागतं, बाई. टाके आपलेच असतात, म्हणून जास्त जिवावर येतं.” नवरा तिला ‘बाई’ फक्त चेष्टेत किंवा फार मायेने म्हणे. आज कुठलं होतं ते तिने विचारलं नाही. तिला रडू आलं आणि ती चांगली पाच मिनिटं रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पट्टा आणि वही मॅडमच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मॅडम वयाने तिच्या मुलीएवढ्या. त्यांनी दोन्ही नीट पाहिलं आणि खालची चुंबकीय रेघ बोटाने तपासली.

“बाई, हे खरंच बाहेरून आलेले कण दिसतायत.”

“हो.”

“मग बाकीच्या खुणा...”

“सगळ्या परत उघडायला हव्यात. आतापर्यंत मी जुळलेल्याच दाखवत होते, मान वर करून. आता न जुळणाऱ्या शोधते. दोन महिने पुरले नाहीत तर पुढेही येईन, पगार नको.” तिने वही मिटली. “आणि कागद लगद्याला देऊ नका. एवढं ऐका माझं.”

मॅडमनी मान हलवली. दारापाशी बाईने विचारलं, “नोंदीत ‘प्रथम कोणी पाहिलं’ असा रकाना असतो ना? तो मी भरू?”

दुपारी ती चष्म्याच्या दुकानात शिरली. लांब, अरुंद दुकान, भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, काउंटरवर काचा घासायचं चाक. शंकासुर आता अठ्ठेचाळिशीचा होता. कानांवर पांढरं, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. त्याने तिला लगेच ओळखलं.

“बाई! बसा ना. नंबर तपासायचाय?”

“हो... म्हणजे, काडी जरा सैल झालीय,” ती म्हणाली आणि स्वतःवरच चिडली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय होतं का हे? तिने पिशवीतून पट्ट्याची नक्कल काढून काउंटरवर पसरली, शेजारी वहीच्या पानाची नक्कल. “काडी चांगली आहे. हे बघ. हीटर बंद होता. नऊ दिवस. मी वही उघडली नव्हती. तुझं बरोबर होतं, माझी चूक होती. बावीस वर्षं मी चूक.”

त्याने भिंग उचललं. तो वाचत असताना एक गिऱ्हाईक आत डोकावलं, त्याला त्याने न बघताच हाताने थांबवलं. बाई उभीच होती. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

“साहेबांशी मी भांडलो असतो, बाई,” तो सावकाश म्हणाला. “ते कसे होते, सगळ्यांनाच माहीत होतं. पण तुम्ही रेघ ओढलीत ना, तेव्हा मला वाटलं, संपलं. बाई वही बघितल्याशिवाय रेघ ओढत नाहीत. पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलं होतंत तुम्ही.”

बाई खुर्चीवर बसली. तिला कालपासून वाटत होतं, की त्या दिवशी तिच्या तोऱ्याने त्याचं नुकसान केलं. नुकसान केलं होतं ते तिच्या चांगल्या नावाने.

“माफ कर,” ती म्हणाली. “आता याचा तुला काही उपयोग नाही, ठाऊक आहे मला. पण नोंदीत तुझं नाव लिहून आलेय. पूर्ण नाव. लाल खूण काढलीय.”

त्याने भिंग पुसलं आणि पुन्हा पट्ट्यावर वाकला. तक्त्याजवळचा दिवा ओढून त्याने कागदावर घेतला. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. बऱ्याच वेळाने त्याचं बोट एका जागी थांबलं.

“बाई, एक सांगा. झोत पृथ्वीकडूनच आला, तर तो अकरात दिसतो, थोडा शेजारच्या बारातही दिसायला हवा. पहिल्या दोन उसळ्यांना बारात आहे. तिसऱ्याला नाही. का?”

तिने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि त्याच्या बोटापाशी पाहिलं. खरंच नव्हता.

“मला माहीत नाही,” चाळणबाई म्हणाली. मग तिने खुर्ची काउंटरजवळ ओढली. “उद्या वही घेऊन येते.”