भेकराची वाटणी

थंडीचं मला कौतुक नव्हतं. फौजेत दोन हिवाळे बर्फात पहारा देऊन मी सुट्टीवर आलो होतो. त्यामुळे आजऱ्याकडच्या आमच्या गावात पहाटे शेकोटीभोवती कुडकुडणारी मंडळी बघून मला हसूच येत होतं. नव्वदच्या दशकातला जानेवारी. खांद्याला माझी स्वतःची एकनळी बंदूक होती, परवान्याची. भेकरं, म्हणजे ती कुत्र्यासारखी भुंकणारी लहान हरणं, रोज रात्री हरभऱ्यात शिरत होती, म्हणून गावानं शिकार ठरवली होती. भेकर मारणं तेव्हाही गुन्हाच होता. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळेच गप्प होते, मीही.

कामं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. शेतकरी घरांतल्या बंदुकवाल्यांनी ओढ्याच्या वाटा धरून बसायचं आणि आमच्या बौद्धवाड्यातल्यांनी डबे बडवत रान हाकायचं. आजोबांनी हाकलं, बाबांनी हाकलं. मी शेकोटीपाशी गेलो आणि सरळ म्हणालो, "मी हाकायला न्हाय, बसायला आलोय."

शिकारीचे म्होरके म्हणजे एक म्हातारे शेतकरी, सारं गाव त्यांना आण्णा म्हणायचं. त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "बस की. वरच्या घळीत बस."

वरच्या घळीकडं जनावर फिरकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. बाबांनी मला बाजूला घेतलं. "कशाला हट्ट करतोस? चार दिसांनी तू जाशील. हितं मला ऱ्हायाचं हाय." त्यांचं खरं होतं. पण मी ऐकणाऱ्यातला नव्हतो, आजही नाही.

माझा हट्ट होता तो एका रीतीसाठी. ज्याचा बार लागेल त्याच्या अंगणात जनावर न्यायचं, तिथंच सोलायचं, तिथंच वाटे पाडायचे आणि सगळ्यांनी तिथं बसून आपापला वाटा घ्यायचा, अशी गावाची जुनी रीत. आमच्या अंगणात गावातला एकही शेतकरी कधी बसला नव्हता. मतं मागायला यायचे, तेही उभ्या उभ्या. मला ते बसलेले बघायचे होते.

घळीत धुकं असं दाट होतं की बंदुकीचं टोक दिसेना. खालून डबे वाजायला लागले. त्या गोंगाटात बाबांची आरोळी मी बरोबर ओळखली. भेकर एकदा भुंकलं, खाली कुणाची तरी ठासणीची बंदूक उडाली आणि नेम हुकला. बिचकलेलं जनावर उलटलं ते थेट माझ्या घळीत. तोवर धुकं जरा विरळ झालं होतं; समोर कुणी माणूस नाही एवढं पाहून घेतलं आणि बार काढला. एकाच बारात पडलं. नशीब म्हणायचं तर म्हणा, पण नेम माझा होता.

सगळे जमले. पाठ कुणी थोपटली नाही. आण्णा भेकराकडं बघत म्हणाले, "झ्याक बार हाय. पर हितंच वड्याकाठी वाटून टाकू. फॉरेस्टवाला आला तर सगळ्यांच्याच गळ्यात यायचं."

फॉरेस्टवाल्याची आठवण त्यांना नेमकी त्याच दिवशी झाली! माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा वाकले. त्यांनी भेकराचे पाय काठीला बांधले आणि पुढचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"आण्णा, मागलं टोक धराय कुणाला तरी सांगा. बार माझ्या पोराचा हाय, वाटणी माझ्या दारात व्हणार. मला हितंच ऱ्हायाचं हाय, म्हणून सांगतोय."

बाबांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेवटी आण्णांच्या पुतण्यानं मागचं टोक उचललं. आमच्या वाड्याच्या वळणावर मागच्या मंडळींतले दोघं हळूच सटकले, बाकीचे आले. आईनं अंगणात पोती अंथरली. कुणी बसेना. आण्णाच आधी टेकले आणि खेकसले, "बसा की रं! उभ्यानं वाटा घेत्यात व्हय?"

पानांवर सारखे ढीग पडले. वाटा घरच्या बाईनं द्यायचा, हीही रीतच. शेतकऱ्यांच्या दारात आईला जन्मभर वाटा मिळाला तो वरून टाकलेला, हाताला हात लागू नये म्हणून. आज ती उट्टं काढणार, असं मला वाटलं. खरं तर तिनं काढावंच, असं वाटत होतं. तिनं पहिलं पान उचललं, आण्णांच्या पुढ्यात बसली आणि ते त्यांच्या हातांत दिलं. सांडू नये म्हणून त्यांच्या हातांखाली आपले हात धरले.

"नीट धरा, आण्णा," ती म्हणाली.

आण्णांनी हात मागं घेतले नाहीत. आईच्या हातांवर टेकलेले ते म्हातारे हात बघून मी, एवढा फौजी गडी, सगळ्यांदेखत रडलो.