दोन बोटं मोकळं

साऱ्या मराठवाड्यात क्लच फक्त दोन माणसांना कळतो, असं माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे मामा, छातीठोकपणे सांगतात. दुसरा कोण, ते मात्र त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. बजाजनगरातल्या त्यांच्या घरापुढे माझ्याहून वयाने मोठी असलेली एक पिकअप उभी असते. घरात कुणाला ताप आला तर मामा डॉक्टरकडे पाठवतात, पण गाडीला मिस्त्रीचा हात लागू देत नाहीत. पाचोडच्या बाजाराला शेळ्या न्यायच्या आदल्या दिवशी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचं, क्लचच्या दांडीचा नट पान्याने अर्धा आटा फिरवायचा, बाहेर येऊन पेडल दाबायचं, की पुन्हा खाली. पेडल दोन बोटं मोकळं जावं आणि मग पायाला भार लागावा, हा त्यांचा नियम. कुणी उगाच क्लचवर पाय ठेवून गाडी चालवताना दिसला, की परक्या माणसालाही ते भर रस्त्यात ऐकवत, "पाय उचला, उशी हाय का ती?" मला मुलगी द्यायची की नाही, हेसुद्धा त्यांनी असंच ठरवलं. आत पोह्यांच्या बशा फिरत होत्या आणि हे अंगणात माझ्या मोटारसायकलचा क्लच दाबून बघत होते. आत येऊन म्हणाले, "पोरगं क्लच जाळीत नाय. द्या पोरगी." माझा पगार मग कुणी विचारलाच नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तोंड सरळ झालं, हात वळू लागला, चालूही लागले. आणि लगेच क्लच बिघडल्याची तक्रार सुरू झाली. "पेडल कुठवर जातंय, कायबी उमगंना." रोज नट फिरायचा, तक्रार तिथंच. एकदा तर पेडल पुरतं दाबलंच गेलं नाही आणि गाडी उडी मारून अंगणाच्या भिंतीवर आदळली. मामी दोन हातांवर धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "क्लचला काय झालं नाय हो. ह्यांच्या पायालाच कळंना गेलंय. पर सांगावं कुणी? गाडी सुटली तर ह्ये लई हाय खातील."

त्या रविवारी मामांनी मलाच बोलावलं. मला सीटवर बसवलं आणि स्वतः गाडीखाली शिरले. "पाव्हणं, हळू दाबा. दोन बोटं मोकळं जातंय का?"

मी दाबलं. दोन बोटं, ना कमी ना जास्त, आणि मग भार. 'थोडं ढिलं आहे' एवढं म्हटलं असतं तर आणखी एक रविवार निघाला असता. पण समोर ती भिंत दिसत होती.

"मामा, बरोबर आहे."

"परत दाबा."

"बरोबरच आहे, मामा. क्लचमध्ये काही दोष नाही."

खालून पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मामा म्हणाले, "मंग पायच गेला म्हणा." हात देऊन त्यांना बाहेर काढलं तेव्हा माझेच डोळे भरून आले होते.

आता बाजाराच्या दिवशी सुट्टी टाकून गाडी मी नेतो. मामा शेजारी बसतात आणि माझी एकही चूक काढत नाहीत, याचंच फार वाईट वाटतं. फक्त मी गिअर बदलायला लागलो, की ते खिडकीबाहेर बघत उजव्या हाताने स्वतःचा डावा गुडघा खाली दाबतात.