खुंटीला बांधलेली हळदीकुंकू

नाना, गुडघा कसा आहे? माई, खोकला थांबला का? शालूताई, डोळे काय म्हणतात? मी बरा आहे, पण आज जेवण गेलं नाही. पत्र तिघांनी मिळून वाचा.

छर्रे लागलेली हळदीकुंकू बदकीण मी पोराच्या सेक्टर बावीसमधल्या या भाड्याच्या घरात जगवली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी लाल, म्हणून ते नाव. पंख भरला, पण उडणं काही जमलं नाही.

सकाळी घरमालक म्हणाले, "अप्पाजी, इसे तालाब दिखा लाते हैं।" मी हौसेनं टोपली घेऊन स्कूटरवर बसलो.

तळ्यात त्यांनी खुंटी ठोकून तिचा पाय दोरीनं बांधला. मला वाटलं, दूर जाऊ नये म्हणून. तीही शेपटी वर, डोकं पाण्यात, अशी मजेत चरली. मग हाका मारू लागली. त्या ऐकून वरून जाणारा थवा तिच्याभोवती उतरला, आणि मालकांनी झुडपामागून बंदूक झाडली.

"वाह जी! आपकी बत्तख ने तो कमाल कर दिया!" म्हणत त्यांनी दोन मेलेली बदकं माझ्या टोपलीत, तिच्याच शेजारी टाकली. वाटभर ती चोचीनं त्यांना उठवत होती.

रविवारी पुन्हा नेणार म्हणतात. नाही म्हटलं तर पोराला दुसरं घर शोधावं लागेल. तुम्ही काय केलं असतं?

ती अजून हाका मारते आहे. वरून जाणाऱ्या थव्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी खिडक्या लावून घेतल्यात. रविवारच्या आत लिहा.

— अप्पा