कळंबचा धवला मला येत नाही

मित्रांनो, तीन तास झाले तरी माझा स्वतःवरचा राग शमलेला नाही.

आयर्लंडला आल्यापासून दर रविवारी मी शेजारणीच्या स्वयंपाकघरातील बैठकीला जाते. तिथे गावची माणसे वाद्यांवाचून, आळीपाळीने आपली जुनी गाणी म्हणतात. आज पाळी माझी होती. मी यमनमधील बंदिश निर्दोष गायले. शेजारीण म्हणाली, "सुंदर! पण तुमच्या गावात लग्नाला बायका काय गातात?"

एक ओळही आठवेना. बारा वर्षे शास्त्रीय संगीत शिकलेल्या मला!

बाहेर येऊन तडक कळंबला आत्याला फोन लावला. आमच्याकडे हळदीला धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, तीच गाते.

"आत्या, एक धवला अचूक सांग, लिहून घेते."

"कोणाची हळद हाय गं?"

"कोणाचीच नाही."

"मग नाव कोणाचं घालू? नवरीचं, तिच्या आईबापाचं नाव नाय, तर तो धवला कसला?"

"माझे घाल."

"तुझा गायले होते की! भर मांडवात तूच म्हणालीस, आत्या, बेसूर होतंय, पुरे. अर्ध्यावर उठले मी. लागलेल्या लग्नाचा धवला परत नाय गात, बाय."

आत जाऊन मी एवढेच सांगितले, की मला येत नाही.

तुमच्यापैकी अनेक जण त्या हळदीला होते. कोणाच्या मोबाइलमध्ये तो अर्धा धवला उरला आहे का? आत्याचा आवाज पुसट असला तरी कृपया पाठवा.