ट्वीटरची खिटी

गाड्यांत स्पीकर बसवणाऱ्या अण्णांना सगळी गल्ली ‘कानसम्राट’ म्हणायची. क्रॉसओव्हरची डबी जाड आवाज दारातल्या मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज काचेजवळच्या ट्वीटरला वाटून देते. ट्वीटर किती चढा ठेवायचा, त्याची खिटी डबीवरच असते. बाकीचे फिटर ती मधे ठेवून मोकळे होत. अण्णा गाडीत बसून, डोळे मिटून, स्वतःच्या कानाने ठरवत.

या महिन्यात तिसरी गाडी परत आली.

“अण्णा, कानात सुया टोचतात हो. बायको गाडीत बसेना.”

“मग आभार माना की माझे!” अण्णा हसले, पण गिऱ्हाईक हसलं नाही.

खिटी पार वर होती. त्यांनीच तशी ठेवलेली. अण्णांनी गाणं लावून ट्वीटरला कान भिडवला. आत जेमतेम कुजबुज.

तेवढ्यात दुकान सांभाळणारी लेक कानांवर हात दाबून ओरडली, “बाबा, बंद करा ते! कसं सहन होतं तुम्हाला?”

अण्णांनी खिटी मधे आणली.

“आता बरोबर आहे का गं?”

आजवर त्यांनी हे कुणालाच विचारलं नव्हतं.